अडीच लिटरला एक झाकण

त्या सोमवारी सकाळी दवाखान्याच्या पडवीत पाच कुत्री होती, एक शेळी, गोणपाटात कोंबलेलं एक मांजर आणि पाय लुळा पडलेला एक कोंबडा. आत फळीवर गोचिडाच्या औषधाच्या अकरा बाटल्या, जंताच्या गोळ्यांची चार पाकिटं आणि फ्रीजमध्ये कुत्र्यांच्या लसीचे सोळा डोस. वैष्णवीनं दार उघडल्या उघडल्या एवढं मोजून घेतलं. मोजल्याशिवाय तिला काम सुचत नसे. घरी आई पोळ्या लाटताना म्हणायची, "इच्या समोर पोया कराची सोय नाई, ताटातल्या मोजत बसते."

वैष्णवी केनवडची, शेतकऱ्याच्या घरची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, पुढच्या परीक्षांचे अर्ज भरत राहिली आणि तोवर म्हणून मालेगावात बसस्टँडमागच्या गोटे डॉक्टरांच्या दवाखान्यात लागली. त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. डॉक्टर मारोतराव गोटे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. गाय अडली, म्हैस बसली असा खेड्यावरून फोन आला की ते गाडी काढून निघायचे. मागे कुत्र्या-मांजरांच्या जखमा धुणं, तापमान घेणं आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हे वैष्णवीकडे. सुई फक्त डॉक्टरच टोचायचे.

गोणपाटातलं मांजर एका म्हातारीचं होतं. त्याला आठवडाभर हगवण लागली होती.

"काय खाऊ घालता, आजी?"

"दूध. म्हशीचं, सायीसकट."

"दूध बंद करा. त्याले पचत नाई थे. मोठ्या मांजराले दुधाची गरज नाई."

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहून घेतलं. "दूध नाई देऊ त मंग मांजर पायलंच कायले म्या? उद्या म्हनशीन कुत्र्याले भाकर नको देऊ."

"भाकर द्या. कांद्या-लसणाची फोडणी असलेलं कालवण नका देऊ."

"आता कुत्र्यासाठी येगळा सैपाक," म्हातारी पडवीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि पडवी हसली. वैष्णवीही हसली. ही म्हातारी घरी गेल्यावर दूध बंद करणार नाही, साय तेवढी काढून घेईल, हे तिला ठाऊक होतं. सांगितलेलं आणि केलेलं यांत नेहमी असं अंतर राही. ते कमी कसं करायचं, हा तिचा वर्षभराचा खरा अभ्यास होता.

गोचिडाच्या औषधाचंच पाहा. बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं असे, एका लिटरला दोन मिली. आधी ती तेच सांगायची आणि लोक मान हलवायचे. एकदा तिनं एका मान हलवणाऱ्याला विचारलं, "दोन मिली म्हणजे किती, दादा?" तो म्हणाला, "थोडंसंच." त्या संध्याकाळी वैष्णवीनं सिरिंजनं पाणी सोडून बाटलीचं निळं झाकण मोजलं. बरोबर पाच मिली. म्हणजे अडीच लिटर पाण्याला एक झाकण. गावात सगळी फवारणी झाकणावरच चालते, पंपाला एक झाकण, दोन झाकणं; मिली कोणी मोजत नाही. तिच्या घरी बापही झाकणच मोजायचा. अडीच लिटर म्हणजे पाण्याच्या अडीच बाटल्या, त्या तर घरोघरी पडलेल्या. तिनं पुठ्ठ्यावर अडीच बाटल्या, एक बादली आणि एक झाकण काढलं आणि पुठ्ठा पडवीत लावला. डॉक्टर त्यासमोर बराच वेळ उभे राहिले होते. "तीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले, "मले नाई सुचलं हे." तेव्हापासून तेही आल्यागेल्याला झाकणच सांगू लागले. चुका खरंच कमी झाल्या. औषध कमी पडून गोचीड तसेच राहिले म्हणून परत येणारे जवळपास थांबले.

कोंबड्याच्या पायाला पट्टी बांधून होत होती तेवढ्यात मोटरसायकलच्या टाकीवर कुत्रा बसवून गोपीचंद राठोड आले. किन्हीराजाच्या पुढं तांडा आहे, तिथले. वय सत्तरीचं, अंगात पांढरा सदरा, आणि बोलण्यात कोणाला जिंकू न देणारे.

"काय व माय, डॉक्टर कोठी गेले?"

"पांगरीकडं. म्हैस पाह्याले. मी आहे ना, काका."

"तू त हायेसच. तुले पाह्यलं का माहा वाघ्या अर्धा बरा होते." त्यांनी कुत्र्याचा कान उलटा करून दाखवला. "हे पाय. तूर भरल्यावानी भरले."

कानात दाणेच दाणे लागलेले. वैष्णवीनं चिमट्यानं सात-आठ काढले, एका वाटीत रॉकेल घेऊन त्यात टाकले. मग फळीवरची बाटली आणली आणि पुठ्ठ्यासमोर उभं राहून सांगायला लागली. अडीच लिटर पाणी. एक झाकण औषध. हाताला प्लास्टिकची पन्नी बांधा. डोळ्यात, तोंडात जाऊ देऊ नका. अंगाला चोळा, वरून साधं पाणी टाकू नका, तसंच उन्हात वाळू द्या. वाळेपर्यंत लेकरं जवळ येऊ देऊ नका.

"आता तुमी सांगा."

"म्हाताऱ्याची परीक्षा घेऊन राह्यली का? आमी चौथी नापास हाओ."

"सांगा त खरं."

गोपीचंदांनी हात मागे बांधले आणि शाळेतल्या पोरासारखं उभं राहून एकेक शब्द जसाच्या तसा म्हणून दाखवला. अडीच लिटर, एक झाकण, पन्नी, डोळे, तोंड, ऊन, लेकरं. एकही चुकलं नाही.

"शंभरपैकी शंभर," वैष्णवी म्हणाली.

"घ्या. आमच्या मास्तरनं असं एकदा म्हनलं असतं त आमी बी आज खुर्चीवर राह्यलो असतो." ते बाटली सदऱ्याच्या खिशात ठेवून वाघ्याला टाकीवर बसवून निघून गेले.

पुढचा सोमवार थंडीचा होता. डॉक्टर दवाखान्यातच होते. दहाच्या सुमाराला दारात ऑटो थांबला आणि गोपीचंद उतरले, त्यांच्यामागे एक वाळकासा म्हातारा हातात शालीचं गाठोडं धरून उतरला. शालीतून एका लहान कुत्रीचं तोंड बाहेर होतं, बदामी रंगाची, जीभ कडेला लोंबलेली. शेवटी आठेक वर्षांची एक मुलगी उतरली आणि पडवीच्या बाकावर जाऊन बसली.

"हा माहा चुलतभाऊ, हेमला," गोपीचंद म्हणाले. आज त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "आन ही याची चिंगी. रात्रीपासून उठून नाई राह्यली."

हेमलाचा मुलगा धनराज आणि सून दिवाळी होताच ऊसतोडीला गेले होते, सांगलीकडं. तांड्यातली अर्धी घरं तशी कुलपात होती. हेमलाच्या घरात मागे तो, त्याची नात मंजू आणि ही चिंगी. हे सगळं गोपीचंदच सांगत होते. हेमला नुसता कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत होता.

डॉक्टरांनी चिंगीला टेबलावर घेतलं. अंग गार होतं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, हिरड्या फिकट. वैष्णवीनं तापमान घेतलं, पारा खालीच राहिला. मग छातीवर नळी ठेवून घड्याळाकडे बघत ठोके मोजले.

"अडतीस, सर."

एवढ्या लहान कुत्रीचे ठोके याच्या अडीचपट तरी हवे होते. डॉक्टरांनी शालीचा वास घेऊन पाहिला. "काय लावलं हिले?"

"गोचिडाचं औषध," हेमला पहिल्यांदा बोलला. "काल दुपारी. धुतली, उन्हात बसवली. संध्याकायी वाळली तवा चांगली होती. थोडी झोपाळली होती, मले वाटलं आंग हलकं झालं म्हून झोपली."

"किती टाकलं?"

"या पोरीनं सांगलं थेच," गोपीचंद म्हणाले. "अडीच लिटरले एक झाकन."

डॉक्टरांनी वैष्णवीकडे पाहिलं नाही. ते कामाला लागले. चिंगीला कोमट पाण्यानं आणि साबणानं धुतलं, पुसलं, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना लावल्या, सलाईन सुरू केलं. या औषधावरचा उतारा मालेगावात मिळत नव्हता. डॉक्टरांनी अकोल्याला एक फोन केला, मग नागपूरला एक. नागपूरला होता, पण तो यायला संध्याकाळ झाली असती. चिंगीचे ठोके आता चौतीस होते.

वैष्णवी पडवीत गरम पाणी आणायला गेली तेव्हा तिची नजर बाकावर पडली. मंजू बसल्या जागी झोपली होती. आडवी न होता, डोकं भिंतीला टेकवून, तोंड अर्धं उघडं. सकाळचे साडेदहा, शेजारी दोन कुत्री एकमेकांवर भुंकत होती, आणि पोरगी हलत नव्हती.

"मंजू."

मंजूनं डोळे उघडले आणि मिटले. वैष्णवीनं तिचा हात हातात घेतला. हात गार होता. मनगटावर बोटं ठेवून ती मोजायला लागली. हे ती नेहमी करत असे, समोर कोण आहे याचा विचार न करता. तीस सेकंदांनी ती थांबली, तिला वाटलं चुकलं असेल. पुन्हा पूर्ण मिनिटभर मोजलं. बावन्न.

"हेमलाकाका, ही रात्री कुठं झोपली होती?"

"चिंगीजवयच. एका गोधडीत. रोज तशीच झोपते. माय-बाप गेल्यापासून तिले चिंगीशिवाय झोप नाई येत." हेमला दारात आला. "काल कापूस वेचाले आली होती संगं, थकली. सकायी उठून नाई राह्यली त म्या म्हनलं, घरी एकटी कशी ठेवाची. आनली संगं."

वैष्णवीनं आत जाऊन डॉक्टरांना आकडा सांगितला. डॉक्टरांच्या हातातली सुई तिथेच टेबलावर राहिली. पाच मिनिटांत ते गाडीत होते, मागे हेमलाच्या मांडीवर मंजू. गाडी वाशीमच्या दिशेनं निघून गेली.

दवाखान्यात चिंगी, वैष्णवी आणि गोपीचंद राहिले. वैष्णवी बाटल्यांमधलं पाणी गार झालं की बदलत होती. दर पाच मिनिटांनी नळी ठेवत होती. तीस. अठ्ठावीस. मग ठोक्यांमधलं अंतर सारखं राहिनासं झालं आणि आकडा काढण्यात अर्थ उरला नाही. बाराच्या आधी चिंगी गेली. वैष्णवीनं तिच्या पायातली सुई काढली, त्या जागी कापूस दाबून धरला. रक्त येणार नव्हतं, तरी दाबून धरला.

"तू सांगलं तसंच केलं व माय," गोपीचंद म्हणाले. ते आरोप करत नव्हते. त्यांना खरोखर कळत नव्हतं. "माह्या वाघ्याले त काईच नाई झालं. उलट गोचीड टपटप गयले."

"हेमलाकाकांनी औषध कुठून घेतलं?"

"घेते कोठून? माह्याच बाटलीतलं अर्धं देल्लं त्याले. आमच्यात एका घरी आलेली वस्तू एकाच घरी राह्यते का? बकरं कापलं तरी वाटे पडते. म्या माह्या वाघ्याले धुवाचं, आन चार घरं सोडून त्याच्या चिंगीले गोचीड, हे कसं दिसते?"

"कशात दिलं अर्धं?"

"तुरीवर मारलेल्या औषधाची रिकामी बाटली पडली होती. त्यात."

वैष्णवीनं पायावर दाबलेला कापूस काढला. तुरीचं औषध. कीटकनाशकाच्या बाटलीत राहिलेला अंश, तो चिंगीच्या अंगावर गेला, गोधडीत गेला. तिचं सांगणं त्यात कुठंच नव्हतं. तिला हलकं वाटलं, आणि टेबलावर मेलेली कुत्री असताना आपल्याला हलकं वाटतंय हे तिच्या लक्षातही आलं.

चारला डॉक्टरांचा फोन आला. मंजूला दाखल करून घेतलं होतं, जागी ठेवत होते, ठोके साठच्या वर आले होते. वैष्णवीनं बाटलीचं सांगितलं. पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. "मंग तेच. रिकामी म्हणतात, पण तळाला राह्यतंच. तुझं काही चुकलं नाही, बेटा. हेमलाले मी सांगून ठेवतो, अशा बाटल्या वापरत नका जाऊ म्हणा."

संध्याकाळी बंद करायच्या वेळेला एक बाई कुत्र्याला घेऊन आली. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत गोचीड होते. बाईनं पुठ्ठ्याकडे बोट केलं. "मले माईत हाय, ताई. अडीच बाटल्या पानी, एक झाकन. नुसतं औषध द्या."

वैष्णवीनं फळीवरून बाटली काढली, हातात धरली आणि परत ठेवली.

"डॉक्टर उद्या येतील," ती म्हणाली. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी ती वाशीमला गेली. सरकारी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डाबाहेर हेमला भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला होता. मंजू आता ठीक होती, सकाळी दूध-बिस्किट खाल्लं होतं, आणखी एक रात्र ठेवून सोडणार होते. वैष्णवी त्याच्या शेजारी बसली.

"तुया डॉक्टर बोलला मले," हेमला म्हणाला. "म्या बाटली तीन खेपा धुतली होती. वहिनीनं, रुखमाबाईनं, राख टाकून धुतली. वास घेऊन पाह्यला. पन राह्यलं असंल. असंल ना, थ्याशिवाय कसं होते?" त्यानं तळवे उलटे करून पाहिले. "धनराजले काल सांगलं नाई. फोन लागला होता. मंजू कशी हाय म्हनलं त्यानं, म्या म्हनलं खेळून राह्यली. त्याले काय सांगू? तू ऊस तोडाले गेला आन तुया बापानं पोट्टीले इख चोळलं?"

"तुमी नाई चोळलं, काका."

"माह्याच हातानं पानी कालवलं. गोपीनं जसं सांगलं तसं. पन्नी बांधली. अडीच बाटल्या मोजल्या. झाकन काठोकाठ भरलं, थेंब नाई सांडू देला. मंजूले म्हनलं, वाळल्याशिवाय जवळ जाऊ नको, त थे बी आयकलं पोट्टीनं, खाटेवर बसून वाट पायत होती कवा वाळते म्हून." तो थांबला. "येवढं सगळं बरोबर केलं आन बाटलीच तेवढी वाईट घेतली."

वैष्णवी मनातल्या मनात त्याच्याबरोबर एकेक गोष्ट तपासत होती. पन्नी. पाणी. ऊन. लेकरू. झाकण. शेवटच्या शब्दाशी ती अडखळली.

"झाकण कोणतं भरलं, काका?"

हेमलाला प्रश्न कळला नाही. "बाटलीचंच. दुसरं कोनतं राह्यते?"

ती परत मालेगावला आली तोवर डॉक्टर पडवीत शेळीला सलाईन लावत होते. तिनं त्यांना सांगितलं की तिला तांड्यावर जाऊन ते झाकण मोजायचं आहे. डॉक्टर सलाईनचे थेंब बघत राहिले.

"पोरगी बरी आहे ना?"

"हो, सर."

"कुत्री गेली ती गेली. तुरीच्या बाटलीवर सगळे शांत झालेत. कायले उकरतेस आता?"

"हेमलाकाका शांत नाईत झाले."

डॉक्टरांनी सलाईनचा वेग कमी केला. त्यांनी वर पाहिलं, पडवीतल्या पुठ्ठ्याकडे. मग उठून तो पुठ्ठा स्वतःच्या हातानं काढला आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला. "किती जणाले सांगलं असेल आपण?" ते म्हणाले. वैष्णवीला पहिल्यांदा एखादा आकडा सांगता आला नाही.

मंजूला सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती किन्हीराजाच्या फाट्यावर एसटीतून उतरली. गोपीचंद मोटरसायकल घेऊन उभे होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर फुलावर होती आणि तुरीत पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसत होती. मागे बसून वैष्णवी बघत होती, एक माणूस बांधावर पंप उतरवून बाटलीचं झाकण भरत होता. एक ओतलं, दुसरं भरलं.

तांड्यात बरीचशी दारं बंद होती. हेमलाच्या घरासमोर गोधडी वाळत घातली होती. मंजू खाटेवर बसून शेंगा सोलत होती. तिनं वैष्णवीला ओळखलं.

"चिंगी तुमच्या दवाखान्यातच हाय का?"

वैष्णवीनं हेमलाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

"हाय म्हनलं म्या तिले," रुखमाबाई, गोपीचंदांची बायको, वैष्णवीच्या कानाशी हळू म्हणाली. "धनराज येईपर्यंत. आमीच आनून पुरली बोरीखाली, हे वाशीमले होती तवा." मग मोठ्यानं म्हणाली, "मंजू, जाय, ताईसाठी पानी आन."

मंजू आत गेली. रुखमाबाईनं वळचणीत खोचलेली बाटली काढून आणली. लिटरची, पांढरी, वरचा कागद अर्धा फाटलेला. "तीन खेपा धुतली, माय. आपल्या हातानं. आमी रोजच कालवतो हे औषध, आमाले काय माईत नाई? एक दाना राखेचा बी ठेवला नाई, इख कसं ठेवीन?" तिच्या आवाजात राग होता, आणि तो खरा होता.

वैष्णवीनं बाटली उजेडात धरली. गोपीचंदांनी तिच्यात आपल्या बाटलीतलं अर्धं औषध दिलं होतं. तळाला त्यातलं बोटभरसुद्धा उरलं नव्हतं. आणि चिंगीला धुणं तर एकदाच झालं होतं. गोपीचंदांच्या घरची निळ्या झाकणाची बाटली तिनं मागवली. तिच्यात अजून जवळपास अर्धं औषध होतं.

"दोन्ही संगंच धुतले का कुत्रे?"

"एकाच दिवशी," गोपीचंद म्हणाले. "माह्या सकायी, त्याची दुपारी. माह्याच तोंडचं आयकून केलं त्यानं. शंभरपैकी शंभर." त्यांना स्वतःचेच शब्द ऐकून कसंतरी झालं असावं, ते खाटेच्या कडेवर बसले.

पांढऱ्या बाटलीचं झाकण रुंद होतं, लाल, वर खाचा पाडलेलं. वैष्णवीनं ते तळहातावर ठेवलं. मग पिशवीतून दहा मिलीची सिरिंज काढली. मंजूनं तांब्या आणून ठेवला आणि शेजारी उभी राहिली. हेमलाही जवळ आला.

"काय करून राह्यली व माय?" त्यानं विचारलं.

"तुमी किती टाकलं थे पाह्यतो."

"एक झाकन टाकलं. सांगलं होतं ना."

"हो. मीच सांगलं होतं."

तिनं हातमोजे चढवले, झाकण आतून पुसलं, घराच्या ओट्यावर सपाट जागा पाहून ठेवलं. सिरिंज भरून रेघेशी आणली आणि हळू सोडली. पाण्यानं झाकणाचा तळ झाकला. दुसरी सोडली. तिसरी सोडली तेव्हाही वर थोडी जागा होती. गोपीचंद उठून पुढे आले आणि वाकून पाहू लागले. वैष्णवीनं चौथी भरली आणि थेंब थेंब सोडत राहिली. पाणी काठाला टेकलं, थोडं फुगलं आणि थांबलं. तिनं सिरिंज डोळ्यांसमोर धरून उरलेलं वाचलं.

"किती?" हेमलानं विचारलं.

"एकतीस मिली. निळ्या झाकणाचं पाच."